दारचा परका आणि वारकऱ्याचा धर्म

आषाढीची वारी करून घरी परतलो की चार-आठ दिवस मन घरात लागत नाही. टाळांचा नाद कानातून जात नाही, आणि रस्त्यात कोणीही भेटले तरी तोंडातून ‘माउली’ हाच शब्द निघतो. भाजीवाल्याला माउली, एस. टी.च्या वाहकाला माउली, घरातल्या नातवालाही माउली. पुढे हळूहळू तो शब्द जिभेवरून उतरतो आणि आपण पुन्हा ‘अरे’, ‘ए’, ‘कोण रे तिकडे’ ह्यावर येतो. हे दरवर्षीचेच आहे आणि त्यात आम्हांला पूर्वी काही वावगे वाटत नसे. परंतु काही वर्षांपूर्वी नातेपुत्याच्या मुक्कामी एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळते. ती गोष्ट वाचकांपुढे ठेवावी की न ठेवावी, ह्याचा पुष्कळ दिवस विचार केला. ती आमच्या मोठेपणाची नव्हे, लाजेची आहे. पण संतांच्या घरी लाज झाकून ठेवण्याची चाल नाही, म्हणून सांगतो.

त्या दिवशी बरडहून निघालो तेव्हा आभाळ नुसते भरलेले होते. धर्मपुरीच्या अलीकडे पावसाला जी सुरुवात झाली ती संध्याकाळपर्यंत खळ नाही. चिखलातच राहुट्या ठोकल्या, भोवती चर खणले, हरिपाठ झाला, पंगत उठली. जो तो आपापली वळकटी पसरू लागला. इतक्यात राहुटीच्या तोंडाशी एक माणूस येऊन उभा राहिला. वय पन्नाशीचे असेल. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय अनवाणी, गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. आत पाऊल न टाकता म्हणाला, “माउली, कडेला बसू का? पाऊस थांबला की जातो.”

आम्ही विचारले, “कुठल्या दिंडीतले?”

“कुठल्याच नाही.”

“गाव कुठलं?”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “गाव होतं.”

‘होतं’ ह्या एका शब्दात त्याने सगळे सांगितले होते, पण ऐकायची आमची तयारी कुठे होती! दिवसभराचे भिजणे, दुखणारे गुडघे आणि पहाटे पुन्हा निघायचे. आम्ही म्हणालो, “पुढं बघा बाबा कुठं जमतंय का. इथं माणसं मोजून आहेत.” हे खोटे होते. त्या राहुटीत आणखी तिघे निजतील एवढी जागा होती. आमच्या दोन पिशव्या तर चांगल्या ऐसपैस निजल्या होत्या.

तो म्हणाला, “बरं, माउली.” आणि गेला.

सकाळी पाण्याच्या टँकरपाशी रांग लागली होती. तिथे तोच माणूस आमच्याच दिंडीतल्या बायाबापड्यांच्या कळशा आणि कॅन भरून देत होता. आम्हांला त्याने ओळखले. हसून विचारले, “झोप झाली का, माउली?” ह्यात टोमणा असता तर फार बरे झाले असते, कारण टोमण्याला उत्तर देता येते. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आम्ही गडबडून खिशातून वीस रुपये काढले आणि पुढे केले. त्याने ते घेतले, कपाळाला लावले आणि पुढची कळशी तोटीखाली धरली. वीस रुपयांनी काही फिटले नाही, हे आम्हांला कळत होते, बहुधा त्यालाही. पुढे माळशिरसपर्यंत आम्ही त्याला डोळ्यांनी शोधीत होतो. लाखांच्या त्या मेळ्यात तो पुन्हा दिसला नाही.

आता ह्यात विचार करण्याजोगे काय, तर हे. वारीत निघालेला माणूस तीन आठवडे स्वतःच बेघर असतो. आळंदी सोडली की पंढरपूर येईपर्यंत त्याचे छप्पर म्हणजे कोणाची ओसरी, कोणाच्या शाळेचा व्हरांडा, कोणाच्या शेतातला गोठा. सासवडला, लोणंदला, फलटणला, गावोगावी लोक दारे उघडून उभे असतात. कोणी भाकरी-पिठले वाढतो, कोणी गरम पाण्याने पाय शेकतो, कोणी फाटलेली चप्पल फुकट शिवून देतो. आमचे आधारकार्ड कोणी मागत नाही. आम्ही घरी दारू पितो की काय, भाऊबंदांची जमीन गिळली आहे की काय, ह्याची चौकशी कोणी करीत नाही. परके असूनही आम्हांला घरचे मानतात. मग ज्याने असे आतिथ्य वर्षानुवर्षे पोटभर घेतले, त्याच्याच तोंडून ‘गाव कुठलं’ हा प्रश्न दारातल्या भिजलेल्या माणसाला जातो कसा? आणि दुसरे म्हणजे, ते आतिथ्य आम्हांला मिळते की आमच्या गळ्यातल्या माळेला? माळेला मिळत असेल तर आम्ही फुगून जाण्याचे कारण नाही. माणसाला मिळत असेल तर तो पोतेवालाही माणूसच होता.

माळशिरसच्या मुक्कामी आम्ही ही गोष्ट दिंडीत बोलून दाखवली. बरेच वादंग झाले. एक जण म्हणाला, “तुम्ही केलंत ते बरोबर. मागच्या साली दोन मोबाइल गेले आणि एका आजींची पोत गेली, आठवतंय ना? ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला बायामाणसांत कसा निजवायचा?” ही शंका खोटी नाही आणि आम्ही तिला हसण्यावारी नेणार नाही. दिंडीत लेकीसुना असतात, म्हातारी माणसे असतात, त्यांच्या जिवाची जबाबदारी असते. आमचे विणेकरी बुवा मात्र शांतपणे म्हणाले, “पोत नेणाऱ्याच्या गळ्यात माळ होती का नव्हती, हे कुणी पाहिलंय?” सगळे गप्प झाले. भय खरे असते, पण भय कोणाकडे बोट दाखवते ते नेहमी खरे नसते. ज्याच्याजवळ काही नाही तोच चोर, असे आपण न तपासता धरून चालतो.

दुसऱ्याने शास्त्र काढले. म्हणाला, “दान द्यावं ते पात्र पाहून. गीतेत सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र सांगितलेलं आहे. अपात्री दान तामस.” हे गृहस्थ ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन करणारे, त्यांचे म्हणणे सहज टाकण्यासारखे नव्हे. परंतु तोच श्लोक पुरता वाचावा. तामस दानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी अस्थानी, अवेळी आणि अपात्राला दिलेले हे तर सांगितलेच, पण त्याच ओळीत सत्कार न करता, तुच्छ लेखून दिलेले, हेही सांगितले. आपल्याला पहिला अर्धा पाठ असतो, कारण तो हात आखडण्याच्या कामी येतो. दुसरा अर्धा सोयीने विसरतो. आम्ही टँकरपाशी दिलेले वीस रुपये कोणत्या जातीचे दान होते, हे आम्हांला त्या दिवशी नीट समजले. घेणारा अपात्र नव्हता. देणाऱ्याची मान खाली होती आणि हात घाईचा होता.

शिवाय पात्रापात्रतेचा विचार दानाला आहे, तहानेला नाही. नाथमहाराजांची ती गोष्ट लहानपणापासून आपण ऐकत आलो. गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर, रामेश्वराला अभिषेक करायचा संकल्प, आणि वाटेत तापलेल्या वाळूत तडफडणारे गाढव. सोबतचे लोक हळहळले, की इतक्या लांबून आणलेले पवित्र जल वाया गेले. त्यांच्या हिशोबात देश चुकला, काल चुकला आणि पात्र तर अगदीच चुकले. नाथांनी गाढवाची पात्रता पाहिली नाही, घशाची कोरड पाहिली. कीर्तनात ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. पण त्या यात्रेकरूंत आपण असतो तर काय म्हणालो असतो? आम्हांला आमच्यापुरते उत्तर ठाऊक आहे.

इथे आणखी एका ठिकाणी थांबले पाहिजे, कारण आपल्या सांप्रदायिक मंडळींची एक गोड चूक होते. परक्याला परतवू नये, का, तर तो वेष पालटून आलेला पांडुरंग असेल! असे आपण मुलांना सांगतो, व्यासपीठावरूनही सांगतो. भाव चांगला आहे. पण त्यात थोडा व्यापार आहे. पांडुरंग असेल म्हणून भाकरी द्यायची, तर ती भाकरी त्या माणसाला दिलीच नाही. त्याच्या पाठीमागे कोणी मोठा उभा असेल ह्या आशेने दिली. आणि तो नुसताच माणूस निघाला तर? आजारी, घाणेरडा, जरा वेडसर, दोनदा वाढले तरी तिसऱ्यांदा मागणारा? तेव्हा काय करायचे?

नाथांच्याच घरची श्रीखंड्याची कथा पाहा. बारा वर्षे त्याने नाथांच्या घरी पाणी वाहिले. तो रांजण पैठणला आजही दाखवतात. आपण कथेचा शेवट धरून बसतो, की श्रीखंड्या म्हणजे साक्षात श्रीकृष्ण. पण ती बारा वर्षे नाथांना हे माहीत होते का? कथा सांगते, नव्हते. कोणी एक पोरगा काम मागत दारी आला, ना ओळख ना पाळख, त्याला घरात घेतला, जेवू घातला आणि घरचा म्हणून वागवला. देव ओळखून पाय धरण्यात मोठेपणा तो कसला? नाथांचे मोठेपण त्या न ओळखलेल्या बारा वर्षांत आहे. नातेपुत्याला आलेला माणूस विठ्ठल होता, असे आमच्या एका स्नेह्याने आम्हांला समजावण्याचा प्रयत्न केला. आम्ही म्हणालो, नको. तो विठ्ठल नव्हता, भिजलेला माणूस होता. म्हणून तर चूक मोठी.

ह्या बाबतीत आपल्या जवळच्या काळातला दाखला म्हणजे गाडगेबाबा. १८७६ साली विदर्भात जन्मलेला हा पुरुष आयुष्यभर कोणत्या वेषाने हिंडला? अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि अन्नपाण्याला मातीचे गाडगे. आज तसा माणूस आपल्या सोसायटीच्या फाटकाशी आला तर पहारेकरी त्याला आत सोडील काय? बाबांनाही लोकांनी वेडा म्हणून, भिकारी म्हणून हाकलले आहे. ते गावात येत, आधी रस्ते झाडीत, कोणाचे लाकूड फोडून देत आणि मग भाकर मागत. रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहिले की सकाळी हाकलणारेच पुढे बसून माना डोलावीत. ह्याच माणसाने पंढरपुरात, आळंदी-देहूत, नाशकात धर्मशाळा उभारल्या. ज्यांना इतर ठिकाणी उतरू देत नसत त्यांच्यासाठी पंढरपुरात १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. आषाढीला लोक दर्शनाच्या रांगेत, आणि बाबा चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन. त्यांनी सांगितलेल्या दहा कामांत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी आहे, तसा बेघराला आसराही आहे. हजारो परक्यांना छप्पर दिले आणि स्वतः २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, मोटारीतच देह ठेवला. घरात नाही, धर्मशाळेत नाही, रस्त्यात. त्यांचा फोटो आम्ही घरी देव्हाऱ्याशेजारी लावलेला आहे. त्या फोटोतल्यासारखाच माणूस राहुटीशी आला, आणि आम्ही त्याला गाव विचारले!

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे. आहेच. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे घरावाचून मोजली गेली; त्यांतली २ लाख १० हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, बारा महिने चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे बजावले. ते पुरते झाले असते तर पुलाखाली निजणारी कुटुंबे आपल्याला दिसली नसती. उलट १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची व्याख्या अशी, की पोट भरण्याचे दिसते साधन नसून सार्वजनिक जागी भटकणारा, भीक मागत असावा असा दिसणारा माणूसही भिकारी धरता येतो. दिल्लीपुरती त्याची मुख्य कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली, हे चांगले झाले. त्या व्याख्येने आमची अर्धी दिंडीही एखाद्या दिवशी आत जायची! असो. सरकारने करायचे ते मागत राहिले पाहिजे, पण ज्या रात्री पाऊस पडत असतो त्या रात्री दारात सरकार उभे नसते, आपण असतो.

आणि ही माणसे येतात कुठून? कोणाचे शेत गेले, कोणाला सुनेने नाही तर लेकाने बाहेर काढले, कोणी शहरात बिगारीला गेला आणि अंगावर भिंत पडून लंगडा झाला. कोणाचे डोके फिरले आणि पाय फुटेल तिकडे निघाला. तीर्थाच्या ठिकाणी म्हाताऱ्या आईबापांना ‘इथंच बसा, आलोच’ म्हणून सोडून जाणारे महाभागही आहेत. पुंडलिकाच्या गावी हे घडावे, ह्याहून वाईट काय! एकदा घर सुटले की पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून रेशन नाही. तेव्हा ‘काम का करीत नाहीस’ हा प्रश्न विचारण्याआधी त्याला काम कोण देईल ह्याचा विचार व्हावा.

पैसे दिले तर दारू पिईल, ही शंका आम्हांलाही येते. येते तर पैसे देऊ नयेत, जेवण द्यावे. पैसे न देण्याचा हक्क आपल्याला आहे, पाणउतारा करण्याचा नाही. आणि देताना मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढण्याची जी नवी रीत आली आहे, ती तर कृपा करून बंद करावी. उपाशी माणसाचे तोंड ही आपल्या पुण्याची पावती नव्हे.

माळशिरसला रात्री उशिरापर्यंत हे सगळे बोलणे चालले. शेवटी आम्ही विणेकरी बुवांना विचारले, “बुवा, सगळं खरं. पण घरसंसार आहे, दिंडीची जबाबदारी आहे. आलेल्या प्रत्येकाला घरात घ्यायला आम्ही काही नाथमहाराज नाही. मग करावं तरी काय?” बुवा हसले. म्हणाले, “पुंडलिकानं काय केलं?”

आम्ही ही कथा हजार वेळा ऐकली आहे, पण ह्या बाजूने कधी पाहिली नव्हती. दारात पाहुणा उभा आणि पुंडलिक आईबापांच्या सेवेत. तो सेवा टाकून उठला नाही. आपली जबाबदारी त्याने सोडली नाही. पण ‘पुढचं दार बघा’ असेही म्हणाला नाही. हाताशी होती ती वीट मागे सरकवली. बाहेर चिखल होता, पाहुण्याचे पाय कोरडे राहावेत एवढी सोय केली आणि थांबा म्हणाला. सगळे घर देणे आणि दार लावून घेणे ह्या दोहोंच्या मध्ये एक वीट आहे. बायामाणसांच्या राहुटीत परक्याला निजवू नये, ठीक. पण ट्रकच्या कडेला एक ताडपत्री बांधता येते. दोन गडी माणसे त्याच्या शेजारी निजू शकतात. त्याला नाव विचारता येते, चौकशी म्हणून नव्हे, हाक मारायला. तो आजारी असला तर १०८ ला फोन करता येतो. टाकून दिलेले म्हातारे माणूस असेल तर वृद्धांसाठीचा १४५६७ हा क्रमांक आहे. डोक्यावर परिणाम झालेला असेल तर त्याला संरक्षणाखाली घेण्याची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. तिथे सोबत जाऊन उभे राहता येते. आम्ही त्या रात्री ह्यातले एकही केले नाही. वीट तिथेच होती. आम्ही तिच्यावर पिशव्या ठेवल्या होत्या.

पुढच्या वर्षीपासून आमच्या दिंडीने एक बदल केला. भिशी भरलेल्यांची जी यादी असते, तिच्यात शेवटच्या दोन ओळी कोऱ्या ठेवायच्या, आणि शिधा, ताडपत्री, कांबळे ह्यांचा हिशोब त्या दोन ओळी धरून करायचा. हे सगळ्यांना रुचले असे नाही. दोन कुटुंबांनी ह्यावरून दिंडी बदलली. माणसे वाईट नव्हती, भित्री होती, जशी आम्ही होतो. काही वर्षे त्या ओळी कोऱ्याच राहिल्या. गेल्या साली लोणंदला एक म्हातारे गृहस्थ आले. नाव सांगितले, गाव सांगितले नाही, आणि ह्या खेपेस आम्ही ते विचारलेही नाही. चालताना हळू चालत, पण भजनात आवाज खणखणीत. वेळापूरपर्यंत आमच्यात जेवले, ट्रकशेजारी निजले. वेळापूरला पहाटे उठून पाहतो तो जागा रिकामी. कांबळे नीट घडी घालून ठेवलेले, त्यावर आमचा पितळी पेला घासून पालथा घातलेला.

आम्ही सगळ्यांचे सामान मोजले. काही गेले नव्हते. पण मोजले, हे खरे.